अर्जातला एक रकाना
(मिशनच्या सहाय्यक मंडळींच्या त्रैमासिक सभेत केलेले भाषण)



मागच्या समितीत एक सूचना आली. पाड्यांवरून आपल्या वसतिगृहात येणाऱ्या मुलींकडून 'क्षयरोग नाही' असा दाखला घ्यावा, नाहीतर प्रवेश देऊ नये. सूचनेमागे वाईट हेतू नव्हता. एका खोलीत पुष्कळ मुली झोपतात, त्यामुळे काळजी खरीच आहे. पण ऐकताना मला अमेरिकेची गोष्ट आठवली.

१९८७ साली त्या देशाने एचआयव्ही असलेल्या परदेशी माणसांना दार बंद केले. हा आजार शेजारी बसल्याने होत नाही, हे डॉक्टरांना तेव्हाही ठाऊक होते. १९९१ मध्ये तिथल्या आरोग्य खात्यानेच बंदी उठवावी असे सुचवले, पण उलट १९९३ मध्ये ती कायद्यात घातली गेली.

त्याच काळात हैतीमध्ये लष्कराने सरकार उलथवले आणि लोक होड्यांतून पळाले. अमेरिकेच्या जहाजांनी त्यांना समुद्रातच अडवून ग्वांटानामोच्या तळावर नेले. परत पाठवल्यास यांचा छळ होईल, ही भीती अधिकाऱ्यांनीच ज्यांच्या बाबतीत मान्य केली होती, अशांपैकी दोनशेहून अधिक जण रक्ततपासणीमुळे तिथेच अडकले. बायकामुले तारेच्या कुंपणाआड. त्यांनी उपोषण केले. शेवटी जून १९९३ मध्ये न्यायाधीशांनी त्यांना सोडण्याचा हुकूम दिला. बंदी मात्र जानेवारी २०१० पर्यंत टिकली.

त्या बंदीने आजार थांबला का? उलट माणसे लपवू लागली. सामानात गोळ्या सापडू नयेत म्हणून काही प्रवासी औषधे घरीच ठेवून निघत, म्हणजे उपचारच तुटे. मला भीती आहे ती याची. आपण दाखला मागितला की आईबाप खोकला लपवतील, नाहीतर मुलीला शाळेतच पाठवणार नाहीत. मुलगी असली की दुसरेच जास्त घडते, हे आपण जाणतो.

कोणी म्हणेल, क्षयरोग तर हवेतून पसरतो. बरोबर आहे, एचआयव्हीसारखे ते नाही. पण त्याच अमेरिकेतही क्षयरोगी अर्जदाराला उपचार पूर्ण झाल्यावर व्हिसा मिळू शकतो, दार कायमचे बंद होत नाही. आपल्याकडे तर औषधे सरकारी दवाखान्यात फुकट आहेत, आहारासाठी महिन्याला १,००० रुपयेही मिळतात. साधा क्षयरोग असेल तर बहुधा सहा महिन्यांचा उपचार, आणि औषध नियमित सुरू झाले की बहुतेकांपासून काही आठवड्यांतच संसर्गाचा धोका राहत नाही.

प्रभूने कुष्ठरोग्याला आधी हात लावला आणि मग बरे केले, हा क्रम मार्काच्या पहिल्या अध्यायात आहे. तपासणी नको असे मी म्हणत नाही. प्रवेश आधी द्या, मग सर्वच मुलींची तपासणी करा. कोणाला आजार निघाला तर डॉक्टर सांगतील तितके दिवस तिची वेगळी सोय करा, पण तिची जागा आणि हजेरीपटावरचे नाव ठेवा.

यासाठी एक वेगळी हवेशीर खोली, दोन खाटा आणि दवाखान्यात सोबत जाणारी एक बाई हवी. खोली आहे, छपराचे काम राहिले आहे. ज्या भगिनींना महिन्यातून एक दिवस देता येईल, त्यांनी सभा संपल्यावर आपली नावे सचिवांकडे द्यावीत.