दोन्ही तोट्या त्यांच्याच हातात
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आज मेळाव्याला यायला खर्च किती आला, असे आम्ही सकाळपासून भेटेल त्याला विचारत होतो. कोणी एका दुचाकीवर तिघे बसून आले, कोणी गावातून वर्गणी काढून छोटा हत्ती केला. प्रत्येकाने आकडा सांगितला, आणि आकड्याबरोबर पंपाला एक शिवीही दिली.

शहरातला मोटारवाला हेच करतो. टाकी भरताना तो मीटरकडे बघतो आणि चिडतो. भाव वाढला की वर्तमानपत्रात त्याचा फोटो येतो, त्याचा संताप छापून येतो. त्याचा संताप खरा आहे. स्कूटरवर कामाला जाणारा कारकून किंवा गवंडी आपला वैरी नाही. आपलाच मुलगा तालुक्याला नोकरी करतो, तोही त्याच रांगेत उभा असतो. त्याच्या खिशात हात घालणारा आणि आपल्या खिशात हात घालणारा एकच आहे.

पण त्याच्यात आणि आपल्यात एक फरक आहे, तो आधी समजून घ्या.

डिझेल वाढले की ट्रकवाला भाडे वाढवतो. जमले नाही तर जुलै २०१८ मध्ये केला तसा देशभर चक्का जाम करतो. व्यापारी वाहतुकीचा खर्च मालाच्या किमतीत धरतो, एसटी तिकीट वाढवते. प्रत्येक जण अंगावर आलेले ओझे पुढच्याच्या अंगावर ढकलतो. ढकलत ढकलत ते अशा माणसापाशी येऊन थांबते की ज्याला पुढे ढकलायला कोणीच नाही. तो माणूस आपण. "यंदा डिझेल महाग झाले, म्हणून आमचा कापूस क्विंटलमागे शंभर रुपये जास्त," असे बाजार समितीच्या आवारात आजवर कोणी म्हणाले आहे का? आणि म्हणाला असता तर कोणी ऐकले असते का?

कोरडवाहूला डिझेल कशाला?

आम्ही कृषी महाविद्यालयात शिकत होतो तेव्हा डिझेल म्हणजे बागायतदाराच्या विहिरीवरचे इंजिन, असा समज होता. कोरडवाहूवाल्याला काय, दोन बैल, एक वखर आणि वरचा पाऊस! अजूनही काही साहेब मंडळींच्या डोक्यात तेच चित्र आहे.

आज गावात बैलजोड्या किती उरल्या ते मोजा. वैरण नाही, गडी नाही, म्हणून बैल गेले आणि ट्रॅक्टर आला. नांगरट ट्रॅक्टरने, वखरणी ट्रॅक्टरने, पेरणीसुद्धा बऱ्याच ठिकाणी ट्रॅक्टरने. ज्वारीची मळणी मळणीयंत्रावर. पऱ्हाटीचे कुटार रोटाव्हेटरने. कापूस जिनिंगला न्यायचा तर टेम्पो. फवारणीचा पंपही आता पेट्रोलवर चालतो. ज्याच्या घरी ट्रॅक्टर नाही तो म्हणतो, "मला काय डिझेलचे?" अरे बाबा, ट्रॅक्टरवाला एकराचा दर सांगतो त्यात त्याचे डिझेल आधी असते, बाकी सगळे नंतर. तू पंपावर जात नाहीस एवढेच. बिल तूच भरतोस.

एक साधा हिशेब मांडू. समजा पाच एकरांची शेती आहे आणि नांगरटीपासून माल विकेपर्यंत, स्वतःचे आणि भाड्याचे धरून, एकराला १५ लिटर डिझेल जळते. तुमचे कमी असेल, कोणाचे जास्त असेल. वर्षाला झाले ७५ लिटर. मे २०२० मध्ये केंद्र सरकारचा डिझेलवरचा कर लिटरला ३१ रुपये ८३ पैसे झाला होता. गुणाकार करा: २,३८७ रुपये. राज्याचा कर त्याहून वेगळा. त्याच काळात सन्मान निधी म्हणून वर्षाला ६,००० रुपये आपल्या खात्यात येत होते आणि त्याची जाहिरात गावोगाव लागली होती. त्या ६,००० मधले जवळजवळ २,४०० केंद्राने डिझेलच्या वाटेने परत नेले. त्याची जाहिरात मात्र कुठे लागली नाही.

"शेतकरी कर भरत नाही," असा टोमणा कोणी मारला तर हा हिशेब त्याच्यापुढे ठेवा.

भाव खुला झाला, पण एकाच दिशेने

सरकार म्हणते, कच्चे तेल परदेशातून येते, तिकडे भाव वाढला की इकडे वाढणारच. बरोबर आहे. आपला देश बहुतेक कच्चे तेल बाहेरून आणतो. पेट्रोलचा भाव जून २०१० मध्ये खुला झाला, डिझेलचा ऑक्टोबर २०१४ मध्ये, आणि जून २०१७ पासून देशभर रोजच्या रोज भाव बदलू लागला. भाव खुला करण्याला आमचा विरोध नव्हता. सरकारने तोटा सोसून डिझेल विकावे आणि तो तोटा दुसऱ्या वाटेने जनतेकडूनच भरून काढावा, यात शहाणपण नव्हतेच.

पण खुला बाजार म्हणजे भाव चढतो तसा उतरलाही पाहिजे. घडले काय? २०१४ च्या उन्हाळ्यात कच्चे तेल पिंपाला १०० डॉलरच्या वर होते. जानेवारी २०१६ मध्ये ते ३० डॉलरच्या खाली आले. डिझेल निम्म्याने उतरायला हवे होते ना? नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात केंद्राने उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवले, डिझेलवर एकूण १३ रुपये ४७ पैसे. स्वस्ताई आपल्या दारापर्यंत आली आणि दारातच जप्त झाली.

२०२० मध्ये पुन्हा तेच. टाळेबंदीत जगात तेलाला गिऱ्हाईक उरले नाही. मार्चमध्ये लिटरला ३ रुपये वाढवले, मे महिन्यात डिझेलवर एकदम १३ रुपये. ७ जूनपासून, म्हणजे आपण मृगाची वाट बघत बियाणे घेऊन बसलो होतो तेव्हापासून, पंपावरचा भाव रोज थोडाथोडा चढू लागला. २४ जूनला दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झाले. असे पूर्वी कधी घडले नव्हते. ऐन पेरणीचे दिवस होते.

पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये १० रुपये आणि मे २०२२ मध्ये ६ रुपये कमी केले, हेही सांगितले पाहिजे. हिशेब प्रामाणिक असावा. पण एवढे कमी करूनही डिझेलवरचा केंद्राचा कर १५ रुपये ८० पैसे उरला. २०१४ च्या उन्हाळ्यात तो होता ३ रुपये ५६ पैसे.

आता कापसाकडे बघा

मोटारवाल्याचा संताप इथे संपतो. आपली गोष्ट इथे सुरू होते.

डिझेल आपण विकत घेतो. जगात ते स्वस्त झाले की सरकार कर वाढवते आणि स्वस्ताई आपल्यापर्यंत येऊ देत नाही. कापूस आपण विकतो. जगात तो महाग झाला की काय होते? एप्रिल २०१० मध्ये भाव चढत होते, निर्यात थांबवली. मार्च २०१२ मध्ये निर्यातीवर बंदी घातली. २०२२ मध्ये कापूस क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेला, कितीतरी वर्षांनी शेतकऱ्याने मान वर केली, आणि १४ एप्रिलपासून आयात शुल्क माफ झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये नवा कापूस अजून बोंडात होता, तेव्हा पुन्हा शुल्क माफ केले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे आपला वेचा बाजारात यायचे नेमके दिवस.

एकाच वावरात दोन तोट्या आहेत असे समजा. एकीतून खर्च येतो, दुसरीतून मिळकत. खर्च कमी व्हायची वेळ आली की पहिली तोटी सोडतात, मिळकत वाढायची वेळ आली की दुसरी आवळतात. दोन्ही तोट्यांवर हात एकच. तरी शेती तोट्यात का, म्हणून समित्या नेमतात!

लुटीला नाव आपले

याहून कडू एक गोष्ट आहे. २०१५ मध्ये मराठवाडा होरपळत होता. सप्टेंबरअखेर राज्य सरकारने पेट्रोल-डिझेलवर लिटरला २ रुपये कर वाढवला, दुष्काळासाठी म्हणून. दुष्काळ कोणाच्या शेतात होता? दुबार पेरणीला ट्रॅक्टर कोणाचा चालला होता? दुष्काळ आमचा आणि दुष्काळाचा करही आमच्याच ट्रॅक्टरवर.

फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने डिझेलवर लिटरला ४ रुपयांचा नवा उपकर बसवला. दुसरे शुल्क तेवढे कमी केले, म्हणून त्या दिवशी पंपावरचा भाव वाढला नाही. पण नाव काय दिले? कृषी पायाभूत सुविधा आणि विकास उपकर. शहरातला मोटारवाला पावती बघेल तर म्हणेल, शेतकऱ्यांमुळे मला हा भुर्दंड! त्या पैशातून आपल्या गावाला गोदाम आले का, पांदण रस्ता आला का, ज्याने त्याने आपल्या गावापुरते उत्तर द्यावे.

मग सबसिडी मागायची का?

मागे बसलेल्या एका तरुणाने मघाशी विचारले, "शेतकऱ्याला स्वस्त डिझेल मागू या ना." प्रश्न रास्त आहे, पण आम्ही "नको" म्हणतो. एकाच मालाचे दोन भाव झाले की मध्ये तिसरा माणूस उभा राहतो. गरिबांसाठी स्वस्त रॉकेल दिले, ते डिझेलच्या टाक्यांत गेले. जानेवारी २०११ मध्ये मनमाडजवळ ही भेसळ पकडायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळले. स्वस्त डिझेलसाठी कार्ड येईल, सातबारा मागतील, शिक्का लागेल, आणि पेरणी झाल्यावर डिझेल येईल. उजव्या हाताने काढून घेतलेले डाव्या हाताने थोडे परत द्या, हे मागणे आपले नाही. आधी काढूच नका, हे आपले मागणे आहे.

आता करायचे काय?

पहिले काम, वही. प्रत्येक घरात या हंगामापासून डिझेल-पेट्रोलची वही सुरू करा. मायबहिणींनी ती आपल्या हातात ठेवावी, कारण घरचा हिशेब त्यांनाच खरा कळतो. कोणते काम, किती लिटर, भाड्याचे असेल तर किती रुपये. कापूस विकाल त्या दिवशी त्याच पानावर एक भागाकार करा: एका क्विंटलच्या पैशात किती लिटर डिझेल येते? मे २०१४ चा दिल्लीतला डिझेलचा भाव आणि त्या वर्षीचा लांब धाग्याचा ४,०५० रुपये हमीभाव धरला तर क्विंटलला सुमारे ७१ लिटर येत होते. नोव्हेंबर २०२१ च्या आरंभी, हमीभाव ६,०२५ असूनही, सुमारे ६१ लिटर. त्या हंगामात खुल्या बाजाराने हमीभावाच्या वर भाव दिला म्हणून आपण तरलो. आणि त्याच बाजारावर मग आयातीचा घाव घातला. भाव वाढला अशी घोषणा कोणी केली की रुपये मोजू नका, लिटर मोजा.

दुसरे काम, ठराव. ग्रामसभेत दोन ओळींचा ठराव करा: कच्चे तेल उतरेल तेव्हा कर वाढवू नये, आणि कापूस चढेल तेव्हा निर्यात रोखू नये की आयातीचे दार उघडू नये. मत मागायला येईल त्याच्या हातात, पक्ष न बघता, हा ठराव द्या आणि सही मागा.

तिसरे काम आपल्याच वावरातले. दरवर्षी खोल नांगरट करायची गरज नाही, आपल्या काळ्या जमिनीला तीन वर्षांतून एकदा पुरे. शेजाऱ्याने रोटाव्हेटर मारला म्हणून आपण मारायचा, हे सोडा. चार घरांचा कापूस एका गाडीत न्या. यातून खर्च वाचेल, न्याय मिळणार नाही. बचत आपल्या हातात आहे ती करू, आणि न्याय ज्यांच्या हातात आहे त्यांच्याकडे हिशेबाची वही घेऊन जाऊ.

पंपावर शिवी देऊन मीटर थांबत नाही. पुढच्या मेळाव्याला येताना प्रत्येक गावाने किमान दहा वह्या आणाव्यात. त्या वह्यांवरच आपण पुढचा कार्यक्रम ठरवू.