गोळी आणि भुकटी : तराजू एकच हवा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



हाडांचा ठिसूळपणा, म्हणजेच वैद्यकाच्या भाषेत ऑस्टिओपोरोसिस, हा विषय अभ्यासवर्गाच्या कार्यक्रमपत्रिकेवर क्वचितच येतो. याचे एक कारण असे की, हा रोग गाजावाजा करीत नाही. हाड आतून सच्छिद्र होत जाते, पण ते दुखत नाही आणि तापही येत नाही. मग एके दिवशी न्हाणीघरात पाय घसरण्याचे निमित्त होते आणि खुब्याचे हाड मोडते. मासिक पाळी थांबल्यावर स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन घटते व हाडाची झीज भरून निघेनाशी होते. म्हणून हा रोग पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक. खुबा मोडलेली वृद्धा अंथरुणाला खिळली की घरातील दुसरी एखादी स्त्री तिच्या शुश्रूषेला जुंपली जाते. ती रोजंदारीवर असेल तर तिचा रोजगार बुडतो. शस्त्रक्रियेचा खर्च कर्जाच्या रूपाने घरात शिरतो तो वेगळाच. तेव्हा म्हातारपणाचे दुखणे म्हणून हा प्रश्न बाजूला सारता येणार नाही.

अशा स्त्रीपुढे आज दोन वाटा मांडल्या जातात. डॉक्टर आठवड्याला एक गोळी लिहून देतात. त्याच सुमारास कोणीतरी सांगते की त्या गोळीने जबड्याचे हाड सडते, मांडीचे हाड मोडते. दुसऱ्या बाजूला दुकानात कॅल्शियमची, वनस्पतींची, भस्मांची भुकटी सुबक डब्यात उभी असते आणि डब्यावर 'नैसर्गिक' असा शब्द असतो. एकीकडे रसायन व भय, दुसरीकडे निसर्ग व आश्वासन, अशी ही मांडणी आहे. ती मुळातच फसवी आहे. हाडाला पदार्थाचे कुळ कळत नाही. कोणत्याही पदार्थाला विचारायचे प्रश्न तीनच : त्याने किती जणींची हाडे मोडण्यापासून वाचली? किती जणींना इजा झाली? आणि हे कोणी, कशाच्या आधारे मोजले? हे प्रश्न गोळीला विचारावेत आणि भुकटीलाही विचारावेत.

प्रथम गोळीकडे पाहू. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेने हाडांच्या घनतेवरून या रोगाची व्याख्या ठरविली. तरुण निरोगी स्त्रीच्या सरासरीच्या तुलनेत घनतेचा आकडा उणे २.५ किंवा त्याखाली गेला, तर तो ऑस्टिओपोरोसिस. पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मर्क कंपनीच्या अ‍ॅलेंड्रोनेट या औषधाला या रोगासाठी मान्यता दिली. बिस्फॉस्फोनेट वर्गातले हे औषध हाड झिजविणाऱ्या पेशींचे काम मंदावते. १९९६ मध्ये याच औषधाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मणक्याचे हाड आधीच खचलेल्या २,०२७ स्त्रियांपैकी काहींना औषध, तर काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी सुमारे तीन वर्षे देण्यात आली. औषधाविना राहिलेल्या गटात दर शंभरात १५ स्त्रियांचे मणके नव्याने खचले. औषध घेणाऱ्या गटात आठ. खुबा मोडण्याचे प्रमाण शंभरात २.२ वरून १.१ वर आले.

या आकड्यांचे दोन प्रकारे वर्णन करता येते. 'खुब्याचा धोका निम्म्याने घटला' असे म्हटले तर ते खरे आहे, आणि विक्रेता तेच म्हणतो. 'शंभर स्त्रियांनी तीन वर्षे गोळी घेतली तेव्हा एकीचा खुबा आणि सात जणींचे मणके वाचले' हेही खरे आहे. निर्णय जिला घ्यायचा आहे त्या स्त्रीला दुसरे वाक्य समजले पाहिजे. सर्वाधिक धोका असलेल्या स्त्रीच्या दृष्टीने हा लाभ लहान नाही. परंतु धोका जितका कमी, तितका लाभही आक्रसत जातो, ही गोष्ट बाजाराला अडचणीची असते.

म्हणूनच पुढचा अध्याय लक्षात ठेवण्याजोगा आहे. आजारी स्त्रियांची संख्या मर्यादित, म्हणून 'आजाराच्या उंबरठ्यावरील' स्त्रियांचा नवा वर्ग पुढे आणण्यात आला. घनता थोडी कमी, पण रोगाच्या व्याख्येत न बसणारी, या स्थितीला ऑस्टिओपेनिया असे नाव होते. घनता मोजणारी लहान यंत्रे दवाखान्यादवाखान्यांत पोहोचावीत यासाठी मर्कने अमेरिकेत संस्थाही उभारली. एवढे झाल्यावर १९९८ मध्ये त्याच चाचणीचा दुसरा भाग प्रसिद्ध झाला. त्यात मणका न खचलेल्या ४,४३२ स्त्रिया होत्या. ज्यांची घनता उणे २.५ च्या खाली होती त्यांना लाभ झाला. ज्यांची त्याहून बरी होती त्यांच्यात अस्थिभंग घटलेले दिसले नाहीत. गरजेपलीकडे खपविलेल्या औषधाचे दुष्परिणाम तेवढे पदरी पडतात, लाभ पडत नाही. गोळीविषयी जो अविश्वास पुढे निर्माण झाला, त्याचे बीज या अतिविस्तारात होते.

आता दुष्परिणाम. पहिला अन्ननलिकेचा. गोळी नलिकेत अडकली तर तेथे व्रण होतो. म्हणून ती सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर किमान अर्धा तास आडवे व्हायचे नाही. ज्यांना बसता येत नाही वा ज्यांची मूत्रपिंडे अधू आहेत, त्यांच्यासाठी ही गोळी नव्हे. दुसरा जबड्याचा. २००३ पासून असे रुग्ण नोंदले जाऊ लागले; त्यांतील बहुसंख्य कर्करोगाचे होते आणि त्यांना याच वर्गातील औषधे शिरेतून, मोठ्या मात्रेत दिली गेली होती. ठिसूळ हाडांसाठी तोंडाने गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण वर्षाला दहा हजारांत एक किंवा त्याहून कमी असल्याचे अंदाज आहेत. तरीही दात काढायचे असतील तर ते काम गोळी सुरू करण्यापूर्वी उरकणे शहाणपणाचे.

तिसरा दुष्परिणाम अधिक विचार करायला लावणारा आहे. वर्षानुवर्षे गोळी घेणाऱ्या काही स्त्रियांच्या मांडीचे हाड, फारसा आघात न होता, मधोमध आडवे मोडते. २०१० मध्ये अमेरिकी प्रशासनाने याचा इशारा औषधाच्या माहितीपत्रकात घालायला लावला. २०२० मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातील सुमारे १,९६,००० स्त्रियांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचा हिशेब असा : युरोपीय वंशाच्या दहा हजार स्त्रियांनी तीन वर्षे औषध घेतले तर खुब्याचे १४९ अस्थिभंग टळतात आणि मांडीचे असे दोन घडतात. आशियाई वंशाच्या दहा हजारांत ९१ टळतात, आठ घडतात. 'आशियाई' या एका शब्दात अनेक देशांचे लोक येतात, तेव्हा हा आकडा जसाच्या तसा महाराष्ट्रातील स्त्रियांना लावता येणार नाही. पण तो दुर्लक्षिण्याजोगाही नाही. धोका औषधाच्या वर्षांबरोबर वाढतो आणि औषध थांबविल्यावर झपाट्याने घटतो. मांडीत किंवा जांघेत ठसठस दुखू लागणे ही त्याची पूर्वसूचना असू शकते. अशा वेळी डॉक्टरांना ताबडतोब सांगितले पाहिजे.

या बातम्या वृत्तपत्रांतून पसरल्या आणि अमेरिकेत २००८ ते २०१२ या काळात या गोळ्यांचा वापर निम्म्याहून अधिक घटला. ज्यांना गोळीची गरज नव्हती त्यांनी ती सोडली हे ठीकच झाले. पण ज्यांचा खुबा मोडण्याच्या बेतात होता त्यांनीही ती सोडली. भ्यालेल्या ग्राहकासाठी दुसरे दुकान आधीच उघडे होते. १९९४ च्या अमेरिकी कायद्याने पूरक पदार्थांना औषधांहून वेगळे स्थान दिले आहे. असा पदार्थ विकण्यापूर्वी तो गुणकारी असल्याचा पुरावा शासनाला सादर करावा लागत नाही. 'रोग बरा होतो' असे लिहिता येत नाही, पण 'हाडांच्या आरोग्याला साहाय्य' असे लिहिता येते. दोन्ही वाक्यांतला फरक कायद्याला कळतो; विकत घेणाऱ्या स्त्रीला तो कळेलच असे नाही.

मग या पदार्थांना तेच तीन प्रश्न विचारू. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांचे उत्तर सर्वांत प्रामाणिक आहे, कारण त्यांच्या मोठ्या चाचण्या झाल्या. १९९२ मध्ये फ्रान्समधील वृद्धाश्रमांतील ३,२७० स्त्रियांच्या चाचणीत दोन्ही दिल्याने खुब्याचे अस्थिभंग लक्षणीय घटले. त्या स्त्रिया अतिवृद्ध होत्या, उन्हात क्वचित जात आणि त्यांच्यात या घटकांची उणीव होती. याउलट २००६ मध्ये अमेरिकेतील ३६,२८२ स्त्रियांच्या चाचणीत खुब्याला निर्विवाद लाभ दिसला नाही, मूत्रखडे मात्र १७ टक्क्यांनी वाढले. २०२२ मध्ये सुमारे २५,९०० सर्वसाधारण प्रौढांत ड जीवनसत्त्वाने अस्थिभंग घटले नाहीत. ऑस्ट्रेलियात वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख एककांची मोठी मात्रा दिली, तेव्हा पडण्याचे आणि हाडे मोडण्याचे प्रमाण उलट वाढले; हा निष्कर्ष २०१० चा. अर्थ स्पष्ट आहे : उणीव असेल तर ती भरून काढावी, उणीव नसता भर घालण्याने हाड भक्कम होत नाही.

स्ट्रॉन्शियमची कथा तर या साऱ्या प्रश्नाचा आरसा आहे. स्ट्रॉन्शियम रॅनेलेट हे युरोपात २००४ मध्ये मान्यता मिळालेले औषध. त्याने मणक्यांचे अस्थिभंग घटत. पण ते औषध असल्यामुळे त्याच्या नोंदी ठेवाव्या लागल्या, हृदयविकाराचा धोका वाढतो हे उघड झाले, त्याच्या वापरावर निर्बंध आले आणि २०१७ मध्ये मूळ कंपनीने ते बंद केले. मात्र स्ट्रॉन्शियमचाच दुसरा क्षार अमेरिकेत 'हाडांसाठी पूरक' म्हणून मुक्तपणे विकला जातो. त्याने हाडे मोडायची थांबतात का, हृदयाला काय होते, हे दाखवणारी मोठी चाचणी नाही. शिवाय स्ट्रॉन्शियम कॅल्शियमहून जड असल्याने घनतामापन यंत्रात आकडा वास्तवाहून चांगला दिसतो, आणि ग्राहकाला वाटते की गुण आला. पदार्थ जवळपास तोच, पण एकाची वही भरलेली आणि दुसऱ्याची कोरी. कोरी वही म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला नव्हे. तेथे कोणी मोजलेच नाही, एवढाच तिचा अर्थ.

भारतातील भुकटीलाही हाच न्याय हवा. प्रवाळ किंवा शंख यांचे भस्म म्हणजे प्रामुख्याने कॅल्शियम कार्बोनेट. स्वस्त गोळीतही बहुधा तेच असते. कांडवेल, म्हणजे हाडजोड, मोडलेल्या हाडासाठी लोकवैद्यकात पिढ्यान् पिढ्या वापरात आहे. त्या ज्ञानाची हेटाळणी करण्याचे कारण नाही. पण ठिसूळ हाडांच्या स्त्रियांत तिने खुब्याचे अस्थिभंग टळतात हे दाखविणारी मोठी, दीर्घ चाचणी अद्याप झालेली नाही. २००४ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन परिसरात दक्षिण आशियाई दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. शिसे शरीरात गेले की हाडांतच साठते. सर्वच उत्पादने दूषित असतात असा याचा अर्थ नाही. पण कोणते शुद्ध आणि कोणते दूषित हे डब्यावरील 'नैसर्गिक' या शब्दावरून ठरत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. गोळीची चाचणीही तिच्याच उत्पादकाच्या पैशाने झाली. मग तिच्यावर विश्वास का ठेवावा? उत्तर असे की, विश्वास कंपनीवर ठेवायचा नसून तपासणीच्या पद्धतीवर ठेवायचा आहे. जबड्याचा दुष्परिणाम दंतशल्यविशारदांनी पुढे आणला, मांडीचा अस्थिशल्यविशारदांनी. नोंदी ठेवण्याची सक्ती आणि स्वतंत्र निरीक्षक असतील तर नफेखोराचे असत्यही कालांतराने उघडे पडते. ही शिस्त सैल करून निसर्गाच्या नावाने दुसऱ्या नफेखोराला मोकळे रान देणे हा भांडवलशाहीला विरोध नव्हे.

व्यवहारात यातून काय निष्पन्न होते? ज्या स्त्रीचा खुबा वा मणका किरकोळ आघाताने मोडला आहे, किंवा जिची घनता फारच उतरली आहे, तिच्या बाबतीत गोळीचे पारडे स्पष्टपणे जड आहे. ती आयुष्यभर घ्यावी लागते असेही नाही. पाच वर्षे घेऊन थांबलेल्या आणि दहा वर्षे घेतलेल्या स्त्रियांची तुलना २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. चालू ठेवल्याने मणक्याचे काही अस्थिभंग टळले. पण मणक्याखेरीज इतर हाडांत फरक दिसला नाही. म्हणून पाच वर्षांनी डॉक्टरांसह फेरविचार करावा. डेनोसुमॅब हे सहा महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन मात्र मनाने बंद करू नये. ते दुसऱ्या औषधाची सोय न करता थांबविले तर मणके भराभर खचू शकतात. जिचा धोका कमी आहे तिने गोळी घेण्याची घाई करू नये आणि डब्यावरही पैसे उधळू नयेत. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तीळ, दूध, पालेभाज्या, ऊन, तंबाखू व मिश्री यांचा त्याग, आणि देखरेखीखाली वजन उचलण्याचा व्यायाम, यांना पर्याय नाही. न्हाणीघरातील ओली फरशी आणि जिन्यातला अंधार हीदेखील अस्थिभंगाची कारणेच आहेत.

परंतु निवड करण्याचा हा अधिकार माहितीवाचून आणि सोयीवाचून कागदावरच राहतो. घनतामापनाची यंत्रे मुख्यतः मोठ्या शहरांत आणि खासगी केंद्रांत आहेत. वय, वजन, पूर्वीचा अस्थिभंग अशा माहितीवरून यंत्राशिवायही धोका काढण्याची शेफील्ड विद्यापीठाची पद्धत २००८ पासून उपलब्ध आहे. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात वापरता येईल. अ‍ॅलेंड्रोनेटचे अमेरिकेतील पेटंट २००८ मध्येच संपले. ते मूळ नावाने स्वस्तात बनते. औषधांची व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने काढून टाकावीत, अशी शिफारस हाथी समितीने १९७५ मध्ये केली होती, ती येथे तंतोतंत लागू पडते.

कार्यकर्त्यांपुढील कामे यातूनच ठरतात. पन्नाशीनंतर किरकोळ पडण्याने हाड मोडलेल्या प्रत्येक स्त्रीची ठिसूळपणासाठी तपासणी सरकारी रुग्णालयातच व्हावी, ही मागणी लावून धरावी. गोळी मूळ नावाने तेथे मोफत मिळावी आणि तिच्यासोबत लाभ व धोका यांचे आकडे मराठीत छापून द्यावेत. पूरक पदार्थ आणि भस्मे यांची जड धातूंसाठी नियमित तपासणी होऊन निष्कर्ष जाहीर व्हावेत आणि त्यांच्या दुष्परिणामांची नोंदवही उघडावी. वस्तीतील बैठकीत एखादी भगिनी गोळी सोडून भुकटी घ्यावी का असे विचारील, तेव्हा तिला भीतीही विकू नये आणि आश्वासनही विकू नये. तिच्यासमोर वरचे तीन प्रश्न ठेवावेत आणि उत्तरे मिळविण्यासाठी तिच्याबरोबर दवाखान्यात जावे.