एक सर्व्हर बंद करून बघा

म्युनिकच्या उत्तरेला उंटरश्लाइसहाइम हे छोटं शहर आहे. डिसेंबर २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या, आणि या शहरासकट सगळ्या बव्हेरिया राज्यातल्या शाळांसाठी असलेलं ‘मेबिस’ हे ऑनलाइन व्यासपीठ सकाळच्या गर्दीत कोलमडलं. नाताळच्या सुट्टीनंतर ते पुन्हा अडखळलं. त्याच सुमारास शाळांनी वापराच्या वेळा वाटून घ्याव्यात, असं सरकारकडून सुचवलं गेलं. त्या बिघाडाची कारणमीमांसा मी इथे करणार नाही. पण गर्दी वाटून घेण्याचं काम मुलांच्या आणि शिक्षकांच्या गळ्यात पडू नये, यासाठी तंत्रज्ञानात जी सोय आहे, तिच्याबद्दल मला बोलायचं आहे.

त्या सोयीचं नाव रिव्हर्स प्रॉक्सी. बँकेत आलेल्या प्रत्येकाला मोकळ्या खिडकीकडे पाठवणाऱ्या शिपायासारखं तिचं काम असतं. बाहेरच्या जगाला एकच पत्ता दिसतो; मागे तीन, पाच, दहा सर्व्हर असतात. एन्जिनएक्स किंवा एचएप्रॉक्सी यांसारखी सॉफ्टवेअर आलेली मागणी पाळीपाळीने किंवा कमी काम असलेल्या सर्व्हरकडे पाठवतात, आणि जो उत्तर देत नाही त्याला काही काळ वगळतात. यातून वेग वाढतो, हे खरंच. पण माझ्या मते तिचं मोठं मोल निराळं आहे: मागचा कुठलाही एक सर्व्हर कधीही काढून घेता येतो. नवी आवृत्ती बसवताना एकेक सर्व्हर बाजूला घ्यायचा, बदलायचा, तपासायचा आणि परत रांगेत आणायचा. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

मात्र त्यासाठी सर्व्हर एकमेकांची जागा घेण्याजोगे हवेत, आणि घोडं अडतं ते इथेच. मेबिसचा पाया असलेलं मूडल हे शिक्षणासाठीचं सॉफ्टवेअर घ्या. विद्यार्थ्याने लॉगिन केल्याची नोंद एकाच सर्व्हरच्या डिस्कवर राहिली, तर दुसऱ्या सर्व्हरला तो अनोळखी. म्हणून ही नोंद सामाईक डेटाबेसमध्ये किंवा रेडिस या वेगवान साठ्यामध्ये ठेवावी लागते. मुलांनी चढवलेल्या फायलीही सर्व सर्व्हरना दिसतील अशा जागी. यावर पळवाट म्हणून एका आयपी पत्त्यावरून आलेल्याला नेहमी त्याच सर्व्हरकडे पाठवतात. पण अख्खी शाळा बहुधा एकाच आयपी पत्त्याआडून बाहेर पडते. मग शेकडो मुलं एकाच सर्व्हरवर तुटून पडतात आणि शेजारचा रिकामा बसतो. हिशेबही चोख हवा. तीन सर्व्हर प्रत्येकी ८० टक्के भरलेले असताना एक गेला, तर उरलेल्या दोघांवर प्रत्येकी १२० टक्के भार येतो, आणि तेही झोपतात.

आक्षेप येईल की प्रॉक्सीच बंद पडली तर? रास्त आहे. म्हणून प्रॉक्सीही दोन ठेवतात. पहिली गप्प झाली की दुसरी तोच पत्ता आपल्याकडे घेते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: डेटाबेस तर एकच, मग गर्दी पुढून मागे सरकली इतकंच ना? अगदी बरोबर, पुढे कितीही सर्व्हर लावले तरी डेटाबेसची ताकद वाढत नाही. पण त्यामुळे दुखणं नेमकं कुठे आहे ते कळतं, आणि उपाय तिथेच करता येतो. तिसरा म्हणेल, हे सगळं क्लाउड कंपनी करतेच की. ती भार वाटून देईल. लॉगिनची नोंद कुठे ठेवायची, ते मात्र आपला प्रोग्रामच ठरवतो.

म्हणूनच शाळेचं व्यासपीठ असो की आपल्याकडची दहावीच्या निकालाची साइट, ती चालवणाऱ्यांकडे एकच मागणी करावीशी वाटते. गर्दीच्या दिवसाची वाट पाहू नका. एखाद्या साध्या कामाच्या दिवशी, भरदुपारी, एक सर्व्हर मुद्दाम बंद करा. कुणाचं लॉगिन तुटलं नाही, कुणाची उत्तरपत्रिका हरवली नाही, तर तुमची व्यवस्था खरी. नाहीतर ती चाचणी परीक्षेच्या दिवशी होईल, आणि तिची किंमत विद्यार्थी मोजतील.