वसतिगृहांतील ताट



जून-जुलैचे दिवस आले, म्हणजे पुण्यांतील वसतिगृहांच्या दारांत दरवर्षीं एकच देखावा दिसतो. भुरभुर पावसांत रिक्षांतून ट्रंका, गाद्यांच्या वळकट्या आणि लाडवांचे डबे उतरत असतात, आणि निरोपाच्या वेळीं एखादी माउली आपल्या मुलाला पुनःपुन्हां बजावीत असते, "पोटाची आबाळ करूं नकोस हो!" एका वसतिगृहाचा पर्यवेक्षक या नात्यानें वीस वर्षें मी हें वाक्य ऐकत आलों. त्यांतील माया खरी आहे. भीति मात्र आतां पुष्कळशी जुनी झाली आहे.

एके काळीं ती भीति अगदीं रास्त होती. विद्येसाठीं पुण्यास आलेला गरीब विद्यार्थी माधुकरी मागे, किंवा वार लावून सोमवारीं एका घरीं आणि मंगळवारीं दुसऱ्या घरीं जेवे. एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशीं पाण्यावर भागवी. पोट भरावें कसें, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. आजहि कांहीं मुलांपुढें तो आहे, हें मी विसरत नाहीं. परंतु खानावळीचे पैसे भरून वसतिगृहांत राहणाऱ्या कित्येक मुलामुलींपुढचा प्रश्न नेमका उलटा आहे. जूनमध्यें शिवलेली विजार दिवाळीला कमरेवर बसत नाहीं, आणि चार महिन्यांत आपण असें काय खाल्लें याचा त्यांना उलगडा होत नाहीं. तो उलगडा करण्यासाठींच आजचें हें भाषण आहे.

अमेरिकेंत या गोष्टीची एक म्हणच होऊन बसली आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्षीं विद्यार्थ्याचें वजन पंधरा पौंडांनीं, म्हणजे जवळजवळ सात किलोंनीं वाढतें, असें तेथें सर्रास म्हणतात. संशोधकांनीं निरनिराळ्या पाहण्यांचा एकत्र हिशेब करून २०१५ सालीं जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, तो इतका भयंकर नाहीं. सुमारें पांच महिन्यांत सरासरी वाढ दीड किलोहूनहि कमी निघाली. मात्र शेंकडा साठ विद्यार्थ्यांचें वजन वाढलें होतें, आणि ज्यांचें वाढलें त्यांची सरासरी साडेतीन किलोंच्या आसपास होती. तेव्हां भूत म्हणीइतकें मोठें नाहीं. पण तें आहे, आणि मुख्यतः पहिल्याच सत्रांत तें मानगुटीवर बसतें.

कोणी म्हणेल, दोन-तीन किलोंचें एवढें काय? मुलगा जरा भरला तर आईला बरेंच वाटतें. याचें उत्तर आपल्या पुण्यांतच मिळालेलें आहे. येथील के. ई. एम. रुग्णालयांतील मधुमेहाचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत स्वतःचेंच छायाचित्र प्रसिद्ध केलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन सारखेंच होतें. ज्याला शरीरभारांक म्हणतात, तो दोघांचाहि २२.३ होता. परंतु शरीरांतील चरबी मोजली, तेव्हां युडकिन यांची शेंकडा ९.१ निघाली आणि याज्ञिक यांची शेंकडा २१.२! काट्यावर सारखे उतरलेले दोन देह आंतून इतके निराळे होते. आपल्या लोकांच्या अंगीं स्नायु कमी आणि चरबी अधिक, व तीहि विशेषतः पोटाशीं, असा कल असतो. म्हणूनच आपल्याकडील वैद्य अधिक वजनाचा उंबरठा २५ ऐवजीं २३ या शरीरभारांकावर मानतात. विशीच्या आधीं कमरेवर चढलेले हे दोन-तीन किलो पुढें नोकरीच्या खुर्चीवर आणखी वाढतात, आणि चाळिशींत मधुमेहाच्या रूपानें त्यांचा हिशेब द्यावा लागतो.

आतां हें वजन वाढतें कसें तें पाहूं. शरीरांतील एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानानें ७,७०० उष्मांक. रोज गरजेहून अवघे दीडशें उष्मांक अधिक पोटांत गेले, तर साडेचार महिन्यांत वीस हजारांवर शिल्लक पडते. म्हणजे कागदावर अडीच किलो. शरीर त्यांतील कांहीं भाग खर्चून टाकतें, पण सारा नव्हे. दीडशें उष्मांक म्हणजे किती? चहाच्या चार कपांतील प्रत्येकीं दोन चमचे साखर! यावरून ध्यानांत येईल, कीं हें काम मेजवान्यांचें नसून रोजच्या बारीकसारीक संवयींचें आहे.

खानावळीचीच रीत घ्या. महिन्याचे पैसे आगाऊ भरलेले, आणि ताट 'अमर्याद'. घरीं आई दुसरी पोळी वाढतांना मुलाच्या तोंडाकडे पाहते. खानावळींत मुलगा भरलेल्या पैशांकडे पाहतो. भाजी बहुधा बटाट्याची, वर तेलाचा तवंग, वरण पातळ, आणि काकडी किंवा कोबी असलीच तर चवीपुरती. जें शरीर बांधतें तें डाळ-उसळ-दहीं ताटांत थोडें. पोळी आणि भात मात्र हवा तितका. साहजिकच भुकेचें समाधान पोळी-भातावर भागवावें लागतें, आणि तेंहि दहा मिनिटांत, कारण मागें रांग उभी असते. पोट भरल्याची वार्ता मेंदूपर्यंत पोंचण्यास पंधरा-वीस मिनिटें लागतात. तोंवर मुलगा हात धुऊन बाहेर पडलेला असतो, अगर तिसऱ्यांदा भात घेऊन मोकळा झालेला असतो.

पुण्यांतील खानावळींचा आणखी एक शिरस्ता आहे. रविवारीं दुपारीं गोडाचें जेवण आणि रविवारीं रात्रीं चूल बंद. दुपारीं श्रीखंड किंवा गुलाबजाम पैसे वसूल होईपर्यंत खावयाचे, संध्याकाळपर्यंत झोपावयाचें, आणि रात्रीं मित्रांबरोबर बाहेर पडावयाचें, असा हा साप्ताहिक उत्सव होऊन बसतो.

परंतु खरें नुकसान ताटावर होत नाहीं, तें ताटानंतर होतें. खानावळ आठ-साडेआठला उरकते आणि विद्यार्थी एक-दोन वाजेपर्यंत जागतो. अकराच्या सुमारास पुन्हां भूक लागते. मग किटलींत शेवयांची पुडी शिजते, चहाच्या टपरीवर क्रीमरोल मोडला जातो, किंवा हातांतल्या फोनवर बोट टेकवतांच कोणी दुचाकीस्वार गरम खोका घेऊन फाटकाशीं हजर होतो. एका वडापावांत सुमारें तीनशें उष्मांक असतात. तीनशें मिलीलिटर गोड पेयांत तीस ग्रॅमच्या आसपास साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं अशा वरून घातलेल्या साखरेची हितकर मर्यादा दिवसाला सुमारें २५ ग्रॅम सांगितली; ती एका बाटलींत ओलांडली जाते आणि भूक जागच्या जागीं राहते.

अशा कारखान्यांतल्या तयार खाण्याविषयीं २०१९ सालीं अमेरिकेंत डॉ. केविन हॉल यांनीं एक सुंदर प्रयोग केला. वीस माणसांना संस्थेंतच ठेवून दोन आठवडे तयार डबाबंद तऱ्हेचें आणि दोन आठवडे साधें, ताजें शिजवलेलें अन्न दिलें. दोहोंपैकीं वाटेल तितकें खाण्याची मुभा होती. तयार अन्नाच्या दिवसांत तीच माणसें रोज सुमारें पांचशें उष्मांक अधिक खाऊं लागलीं, आणि पंधरवड्यांत त्यांचें वजन जवळजवळ एक किलोनें वाढलें. कोणीं त्यांना आग्रह केला नव्हता.

जागरणाचा दोष आणखी निराळा. शिकागो विद्यापीठांत १२ निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपूं दिलें, तेव्हां भूक चेतवणारें ग्रेलिन हें द्रव्य त्यांच्या रक्तांत शेंकडा २८ नीं वाढलें आणि तृप्ति देणारें लेप्टिन शेंकडा १८ नीं घटलें. ही हकीकत २००४ सालीं प्रसिद्ध झाली. म्हणजे परीक्षेच्या रात्रीं मिठाईची आठवण होते, ती केवळ मनाची दुर्बलता नव्हे. त्यांत भर म्हणजे गांवीं सायकलीवर किंवा पायीं जाणारा मुलगा येथें मित्राच्या दुचाकीवर मागें बसून समोरच्या इमारतींत जातो.

कारणें कळलीं म्हणजे उपाय कठीण नाहींत. ताट घेतांना आधीं उसळ, वरण, दहीं आणि कोशिंबीर घ्यावी; पोळी-भात त्यांनंतर. दुसऱ्या वाढीपूर्वीं घोटभर पाणी पिऊन पांच मिनिटें गप्पा माराव्या. भूक खरी असेल तर ती थांबेल. सकाळची न्याहारी चुकवूं नये, आणि तींत अंडें, मोड आलेलीं कडधान्यें किंवा दूध असावें. ट्रंकेंत लाडवांच्या डब्याशेजारीं फुटाण्यांचा आणि शेंगदाण्यांचा डबा ठेवावा. शेंगदाणे मात्र मूठभरच, कारण त्यांतहि तेल आहे. चहाची साखर दर आठवड्याला अर्ध्या चमच्यानें उतरवावी. जिभेला पत्ताहि लागत नाहीं. रविवारच्या रात्रीचा बेत रविवारीं सकाळींच ठरवावा. इडली, ज्वारीची भाकरी-पिठलें, नुसतें दहीं-पोहे, कांहींहि चालेल, पण भुकेनें व्याकुळ होऊन ठरवूं नये. फर्ग्युसनच्या मागें हनुमान टेकडी आहे, पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. त्या चढावयास वर्गणी लागत नाहीं. आणि काट्यावर रोज उभें राहण्याऐवजीं महिन्यांतून एकदां सुतळीनें कमर मोजावी: घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असला म्हणजे बहुधा काळजीचें कारण नाहीं.

येथेंच हें भाषण संपवतां आलें असतें. परंतु या विषयाची दुसरी बाजू मला माझ्याच चुकीनें कळली, आणि ती सांगितल्यावांचून उपदेश करण्याचा मला अधिकार नाहीं.

काही वर्षांपूर्वीं मराठवाड्यांतल्या एका दुष्काळी गांवचा मुलगा आमच्याकडे राहावयास आला. घरीं जेवण बेताचें. येथें हवें तितकें मिळतें हें पाहून तो मनापासून जेवत असे. गणपतीपर्यंत त्याचे गाल वर आले. एके रात्रीं पंगतींतून फेरी मारतांना मी त्याला मोठ्यानें म्हणालों, "काय रे, खानावळीचा ठेका तूंच घेतलास वाटतें!" सारी पंगत हांसली, तोहि हांसला. दुसऱ्या दिवसापासून त्यानें रात्रीचें जेवण सोडलें. माझ्या तें लक्षांतहि आलें नाहीं. सत्रपरीक्षेच्या दिवसांत तो जिन्यावर चक्कर येऊन पडला, तेव्हां डॉक्टरांकडून कळलें, कीं कित्येक आठवडे तो एकवेळ जेवत होता; भूक अनावर झाली म्हणजे मध्यरात्रीं बिस्किटांचे दोन पुडे संपवी, आणि त्याची लाज वाटून दुसऱ्या दिवशीं आणखी उपाशी राही. वजन तर घटलें नव्हतेंच. मीं त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, "सर, तुम्ही विनोद केला होता." त्या उत्तरानें मला अधिकच लाज वाटली. पुढें तो बरा झाला, उत्तम गुणांनीं उत्तीर्ण झाला. परंतु मी भोजनगृहांत असतांना त्यानें पुन्हां कधीं दुसऱ्यांदा वाढून घेतलें नाहीं.

त्या प्रसंगानंतर मीं विद्यार्थ्यांची भोजनसमिति बोलावली. ठेकेदाराला सांगून उसळीचें पातेलें आणि कोशिंबिरीची परात रांगेच्या आरंभीं आणवली, आणि रात्रीं दहा वाजतां भोजनगृहांत ताक व फुटाणे ठेवण्याची व्यवस्था केली. खर्च थोडाच वाढला. त्या ताकाभोंवतीं मुलें जमूं लागलीं, बोलूं लागलीं, आणि फाटकाशीं येणारे खोके हळूहळू कमी झाले. मुलांच्या निश्चयाला जें जमत नव्हतें, तें एका पातेल्यानें बऱ्याच अंशीं केलें. म्हणून वसतिगृहें चालवणाऱ्यांना माझी विनंति आहे: मुलांना संयमाचे पाठ देण्याआधीं आपल्या रांगेंत पहिलें पातेलें कशाचें आहे तें पाहा.

मुलामुलींना एवढेंच सांगतों, कीं उपास हा यावर उपाय नाहीं. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षीं कित्येकांच्या शरीराची वाढ पुरी झालेली नसते. अंग थोडें भरणें हा त्या वयाचा धर्महि आहे. चारचौघांतून उठून एकट्यानें खाणें, खाल्ल्याची लाज वाटणें, अन्नाचा दिवसभर हिशेब करीत बसणें, अशीं लक्षणें दिसूं लागलीं, तर तीं कमरेच्या घेराहून गंभीर समजून डॉक्टरांकडे जावें.

आणि आईबापहो, निरोप देतांना पोटाची आबाळ करूं नकोस असें अवश्य सांगा. जोडीला वेळेवर नीज, चार मित्रांत बसून सावकाश जेव, एवढेंहि सांगा. दिवाळीला मूल दारांत येईल तेव्हां "सुटलास कीं रे!" किंवा "किती वाळलीस गं!" हे उद्गार ओठांवर येतील. ते क्षणभर आवरा. आधीं त्याला घरांत येऊं द्या आणि तें कसें आहे तें विचारा.