स्नोशू निवडताना: वजन, चाल आणि उतार

थंडी सुरू झाली की मला मैत्रिणींचा एक प्रश्न हमखास येतो. बायकांसाठी वेगळे स्नोशू खरंच लागतात, की नुसता रंग बदलून विकतात? आजचा भाग त्यावरच. पण उत्तराआधी माझी फजिती सांगते, म्हणजे मुद्दा लवकर कळेल.

मी सिएटलमध्ये राहते, वय अठ्ठावीस, काम सॉफ्टवेअरचं. पुण्यात बीटेक करताना दर पावसाळ्यात सह्याद्रीत भटकायचे. राजमाची, हरिश्चंद्रगड, सगळं झालेलं. त्यामुळे इथे आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मित्र म्हणाले, "स्नोशूइंगला येतेस का?" तर मी लगेच हो म्हटलं. चालायचंच तर आहे! आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं, बर्फात पायाला फळ्या बांधून कुठे जातेस?" आईचं वर्णन तसं बरोबरच होतं. ताज्या बर्फात नुसत्या बुटाने पाय गुडघ्यापर्यंत जातो. स्नोशू तेच वजन मोठ्या जागेवर पसरवतो, म्हणून आपण कमी रुततो. शाळेतलंच सूत्र, दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ.

आम्ही पाच जण, चार मुलगे आणि मी. स्नोक्वाल्मी पासला निघालो होतो, सिएटलपासून साधारण ८० किलोमीटर. वाटेत एका दुकानातून स्नोशू भाड्याने घेतले. काउंटरवरच्याने फक्त बुटाचा नंबर विचारला आणि हातात ३० इंची जोडी दिली. वजन विचारलं नाही, कुठे जाणार तेही नाही. मीही काही विचारलं नाही. मला काय माहीत!

सपाटीवर ठीक चाललं, फक्त पाय फाकवून, बदकासारखं. चढ लागल्यावर मी मागे पडायला लागले. दर दहा मिनिटांनी मुलं थांबायची आणि मी पोचल्यावर "सॉरी, सॉरी" म्हणायचे. मग वाट उताराला आडवी जायला लागली. तिथे माझा उजवा स्नोशू डाव्याच्या कडेवर पडला. डावा पाय उचलायला गेले, उचलेना. मी आडवी पडले आणि खाली घसरले, पंधरा-वीस फूट असेल. एका फर वृक्षाच्या जरा अलीकडे थांबले. गुडघा मुरगळला, बाकी काही नाही.

त्या झाडाचं महत्त्व मला नंतर कळलं. अशा झाडांच्या खालच्या फांद्या बर्फ अडवतात, त्यामुळे बुंध्याभोवती मऊ, पोकळ खड्डा तयार होतो. त्याला ट्री वेल म्हणतात. त्यात डोकं खाली होऊन पडलं तर स्वतःहून बाहेर येणं फार अवघड, माणूस गुदमरतो. तुम्हीही झाडांपासून लांब चाला आणि जोडीदाराला नजरेआड होऊ देऊ नका.

त्या रात्री घरी गुडघ्याला बर्फ लावत बसले होते (हो, अजून बर्फ!) आणि डोक्यात एकच, आपण कमी पडलो. आमच्या धंद्यात बग आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "युजरने चुकीचं वापरलं असेल." मी स्वतःबद्दल तेच म्हणत होते. दोन आठवड्यांनी ऑफिसमधल्या एका सीनियर बाईंना हे सांगितलं. त्या कितीतरी वर्षं या डोंगरांत फिरतायत. त्यांनी गुडघ्याबद्दल विचारलंच नाही. म्हणाल्या, "पाठपिशवीसकट तुझं वजन किती?"

तर निवडीची सुरुवात इथून. माझं वजन ५६ किलो. पाणी, डबा, जास्तीचे कपडे धरून पिशवी ९ किलो, वर बूट आणि जाड कपडे ३ किलो. झाले ६८, म्हणजे साधारण १५० पौंड. प्रत्येक कंपनीचा वजनाचा तक्ता असतो, तो या एकूण आकड्याने बघायचा. नुसत्या स्वतःच्या वजनाने नाही, आणि बुटाच्या नंबराने तर नाहीच.

दुसरी गोष्ट बर्फाची. आमच्या कॅस्केड्समधला बर्फ बहुतेक वेळा ओला आणि जड, तो वजन बऱ्यापैकी पेलतो. कोलोरॅडो किंवा युटाचा कोरडा, भुसभुशीत बर्फ पेलत नाही, तिथे तेवढ्याच वजनाला मोठी साइज लागू शकते. इथे डोंगरात पेलेल तेवढी छोटी जोडी बरी. मी आता २२ इंची वापरते.

आता मूळ प्रश्न. बायकांच्या स्नोशूमध्ये फरक असतो तो असा: फ्रेम अरुंद, मागची बाजू निमुळती, आणि पट्टे लहान बुटावर नीट आवळता येतील असे. अरुंद फ्रेममुळे पाय फाकवावे लागत नाहीत, एक स्नोशू दुसऱ्यावर पडत नाही. म्हणजे रंगापलीकडे फरक आहे. पण लेबलला चिकटू नका. उंच, मोठ्या पायाच्या बाईला पुरुषांची जोडी बरी पडेल, बारीक चणीच्या मुलाला बायकांची. आपलं वजन, आपलं पाऊल, आपली चाल.

डोंगरासाठी आणखी तीन गोष्टी बघा. एक, खालचे दात. पंज्याखाली मजबूत क्रॅम्पॉन हवेच, पण आडव्या उतारावर फ्रेमच्या कडेलाही दात असले तर पकड राहते. गोल नळीची फ्रेम तिथे घसरते, माझ्या पहिल्या जोडीची तशीच होती. दोन, टाचेखालची उचलायची तार, हील लिफ्टर. खड्या चढावर ती वर केली की पोटऱ्यांवरचा ताण खूप कमी होतो. सपाटीवर आणि उतरताना मात्र आठवणीने खाली करा. तीन, पट्टे. दुकानात हातमोजे घालून बांधून-सोडून बघा. उबदार दुकानात उघड्या हातांनी सगळेच पट्टे सोपे वाटतात.

वापरताना काय? बूट वॉटरप्रूफ, वर गेटर्स, आणि काठ्यांना रुंद चकत्या, नाहीतर काठी बर्फात आत जाते. बकल बाहेरच्या बाजूला ठेवा. चढताना पंजा बर्फात ठोकून पाऊल टाका. उतरताना गुडघे थोडे वाकवा आणि वजन पायांच्या वर ठेवा, घाबरून मागे झुकलं की घसरलंच. आणि मागे मागे चालू नका, शेपूट बर्फात अडकून पडाल. वळायचं तर छोटी छोटी पावलं टाकत गोल फिरा.

आता ज्यासाठी हा भाग केला ते सांगते. गेल्या फेब्रुवारीत तोच ग्रुप माउंट रेनियरला गेला. पॅराडाइज, सुमारे ५,४०० फूट. तिथे १९७१-७२ च्या हिवाळ्यात १,१२२ इंच बर्फ पडला होता, म्हणजे २८ मीटरहून जास्त! यावेळी जोडी माझी होती. पॅनोरमा पॉइंटच्या दिशेने चढताना मी दुसऱ्या नंबरवर होते. एकदाही सॉरी म्हटलं नाही.

सकाळी नॉर्थवेस्ट अॅव्हलांच सेंटरचा अंदाज वाचला होता, धोका पाचपैकी तिसऱ्या पातळीचा. तिसरी म्हणजे मधली, चालेल, असं वाटतं ना? तसं नसतं. त्या पातळीला माणसाच्या वजनानेही हिमस्खलन सुरू होऊ शकतं. ते जास्त करून ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतं, आणि आमच्या समोरचा उतार तसाच होता. तेवढ्यात पायाखाली 'व्हम्फ' असा दबका आवाज आला, बर्फ खचल्यासारखा. आतला कच्चा थर बसला की असा आवाज येतो.

मी म्हटलं, "परत जाऊया."

एक मित्र म्हणाला, "अगं, दहा मिनिटंच तर राहिलीत. दमलीस का?"

"दमले नाहीये. हा उतार बरोबर नाही."

दोन क्षण कोणी बोललं नाही. मग सगळ्यात पुढचा मुलगा गोल फिरला. आम्ही खाली आलो, गाडीत बसून थर्मासमधला चहा प्यायलो. गोष्ट एवढीच.

पण पहिल्या वेळची मी तिथे असते, तर तोंड उघडलं नसतं. वाटलं असतं, आधीच आपण सगळ्यांना उशीर करतोय, आता परत कशाला फिरवायचं? पाय आपल्या ताब्यात होते, म्हणून भीती कशाची आहे ते मला ओळखता आलं. पायात बसणारी जोडी घ्या ती यासाठी. हिमस्खलनापासून स्नोशू वाचवत नाही, उलट जिथे जाऊ नये तिथेही तो आरामात नेतो. तसल्या भागात जायचं तर बीकन, प्रोब, फावडं आणि ते वापरायचं प्रशिक्षण हवंच.

पहिल्यांदा जाणार असाल तर भाड्याने घ्या, सपाट वाट निवडा. आणि दुकानदाराने वजन विचारलं नाही, तर तुम्हीच सांगा, पिशवीसकट! भेटू पुढच्या भागात.