बुटाची कळ बुटावरच हवी



आपल्या नाड्या आपणच आवळणाऱ्या यांत्रिक क्रीडाबुटांविषयी आज मला बोलावयाचे आहे, आणि वाट्याला आलेली मिनिटे मोजकी असल्यामुळे मुख्य मुद्दा आरंभीच सांगून टाकतो. या बुटांचा खरा उपयोग मैदानावरील पटाईत खेळाडूपेक्षा ज्याच्या बोटांना नाडीची गाठ मारता येत नाही अशा माणसाला अधिक आहे. आणि तसा तो असेल, तर बूट आवळण्याची व सैल करण्याची कळ बुटावरच असली पाहिजे.

‘बॅक टू द फ्यूचर’ या चित्रपटाच्या १९८९ सालच्या दुसऱ्या भागात नायकाने पाय घालताच आपोआप आवळला जाणारा बूट पुष्कळांनी पाहिला असेल. ज्या टिंकर हॅटफील्ड यांनी तो कल्पिला, त्यांच्याच देखरेखीखाली नायकी कंपनीने २०१६ साली ‘हायपरॲडॅप्ट’ हा बूट खरोखरच बाजारात आणला. त्याची किंमत ७२० डॉलर, म्हणजे सामान्य गृहस्थाच्या ऐपतीबाहेरची होती. पाऊल आत जाऊन टाच तळाशी टेकली की तिचा दाब आतील यंत्रणेला कळतो, तळव्याखाली दडवलेली चिमुकली मोटर दातेरी चक्रांच्या साहाय्याने दोऱ्या ओढून घेते, आणि बाजूच्या दोन कळांपैकी एकीने ताण वाढविता व दुसरीने कमी करिता येतो. यातली ताण कमी करण्याची सोय लोकांच्या नजरेतून निसटते, म्हणून तिच्याकडे मुद्दाम लक्ष वेधतो.

तबल्याचेच पाहा. मैफल ऐन रंगात आलेली असता हवेतील दमटपणाने सूर हलला, तर जाणता तबलजी गाणे थांबवीत नाही. हातोडीने तबल्याचा लाकडी गट्ठा किंचित खाली सारून चामड्याची वादी ताणतो, किंवा वर सारून ती सैल करितो, आणि हे सारे इतक्या बेमालूमपणे उरकतो की बैठकीला त्याचा पत्ताही लागत नाही. पावलाचेही तसेच आहे. बास्केटबॉलच्या एकाच सामन्यात खेळाडूचे पाऊल जवळजवळ अर्ध्या मापाने बदलू शकते, असे कंपनीचे म्हणणे होते. तेव्हा प्रारंभी बांधलेली गाठ अखेरपर्यंत योग्य राहील हे संभवत नाही. खेळ थांबला असता क्षणभर बूट सैल करून रक्ताला वाट द्यावी आणि पुन्हा आवळावा, ही तजवीज खेळाडूला निःसंशय उपकारक आहे. परंतु खेळाडूची बोटे धडधाकट असतात. हा बूट नसला तरी त्याचे अडत नाही.

अडते ते दुसऱ्याचेच. एका चिमटीत नाडीचा फासा धरून ठेवायचा, दुसऱ्या हाताने त्याभोवती वेढा घालायचा, मागून बोटाने तो पलीकडे ढकलायचा, आणि दोन्ही हातांनी सारख्याच जोराने ओढायचे. संधिवाताने आखडलेल्या किंवा कंपवाताने थरथरणाऱ्या हाताला यातली एकेक पायरी अवघड असते. अमेरिकेतील मॅथ्यू वॉल्झर या किशोराला जन्मतःच मेंदूचा पक्षाघात होता. इतर कपडे तो चढवीत असे, परंतु बूट मात्र आईवडिलांना बांधावे लागत. महाविद्यालयात गेल्यावर ते कोण बांधणार, ही चिंता त्याने २०१२ साली कंपनीला पत्राने कळविली, आणि २०१५ साली टाचेभोवती उघडणाऱ्या चेनचा बूट निघाला. त्याला मोटर नव्हती. आणखी एक गोष्ट मला विलक्षण वाटते. त्या चित्रपटाचे नायक मायकेल जे. फॉक्स यांना पुढे कंपवाताने ग्रासले. त्यांच्या संशोधननिधीसाठी २०११ साली चित्रपटातल्यासारख्या बुटांचे १,५०० जोड लिलावात विकले गेले, परंतु ते बूट उजळत तेवढे, आपोआप आवळले जात नव्हते. ज्यांच्यासाठी निधी जमत होता त्यांच्या हातांची खरी गरज पुरी व्हायला आणखी काही वर्षे जावी लागली.

आता पुन्हा कळीकडे येतो. २०१९ साली ३५० डॉलरांचा नवा बूट आला, त्याचा ताण मोबाइलवरील ॲपनेही बदलता येऊ लागला, आणि थोड्याच दिवसांत सॉफ्टवेअरच्या एका सदोष सुधारणेमुळे काही ग्राहकांचे बूट फोनची आज्ञा मानीनासे झाले. २०२४ साली तर ते ॲपच नव्या ग्राहकांना मिळेनासे झाले. बूट तरीही आवळता येतात ते केवळ बुटावरील कळांमुळे! तबलजीची हातोडी वाद्य विकणाऱ्याच्या दुकानात कुलूपबंद ठेवावी आणि दुकान उठले की सुरांनाही मुकावे, असा व्यवहार कोणता गवई मान्य करील? ज्याला फोनच्या काचेवर नेमके बोट टेकविता येत नाही, त्याच्यापुढे फोन ठेवून आपण त्याच्या एका अडचणीच्या जागी दुसरी उभी करितो. म्हणून पुनश्च सांगतो, कळ बुटावर हवी, ती मोठी हवी, आणि मुठीनेही दाबली जाईल अशी हवी.

२०२१ साली तर हात न लावता घालता येणारा, बिजागरीसारखा दुमडणारा, विजेवाचून चालणारा बूटही आला, आणि पुष्कळांचे काम तेवढ्याने भागेल. मात्र ज्यांच्या पायावर सायंकाळी सूज चढते त्यांना दिवसभरात बदलता येणारा ताणच लागतो, आणि त्यांच्यासाठी स्वस्त मोटर कशी बनवावी याविषयी सांगण्यासारखे बरेच होते, परंतु समोरचा लाल दिवा लागला आहे. एवढेच सांगतो, की वडीलधाऱ्यांसाठी असा जोड घेण्याचा योग आला तर दुकानातच त्यांच्या पायात घाला, तुमचा फोन बंद करा, आणि तो त्यांना एकट्याने काढता येतो का ते पाहा.