शुद्धीवर असतानाच सांगून ठेवा

अरुणा शानभाग आठवतात? मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या या परिचारिका १९७३ मध्ये स्वतःवर झालेल्या हल्ल्यानंतर २०१५पर्यंत तिथेच अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना काय हवं होतं, हे विचारायची सोयच उरली नव्हती. आपल्याला मात्र आज सांगता येतं. बरं होण्याची आशा नसेल तर व्हेंटिलेटर नको, असं वैद्यकीय इच्छापत्र करायला सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये मान्यता दिली. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. आपल्या वतीनं कोण बोलेल, तेही त्यात लिहा. घरात कुणीतरी ‘अभद्र बोलू नकोस’ म्हणेलच. तरी बोला. अतिदक्षता विभागाच्या दाराशी मुलांवर हा निर्णय टाकणं फार क्रूर आहे. इच्छापत्राची एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडेही द्या.